दुसऱ्यांदा भात

धानोऱ्याच्या पुढं डांबर संपतं.
तिथून कोसमटोल्यापर्यंत स्कूटी ढकलतच नेली.
पिशवीत पक्की प्रत, एकशे बारा पानं.
नायिका मैनी हिचामी,
दलममधलं नाव ललिता,
वयाची जागा कोरी, कारण ते तिलाच ठाऊक नाही.

ती शाळेचे गणवेश शिवत होती.
निळ्या चड्ड्यांचा ढीग, पाय मशीनवर.
"वाचा. मशीन चालू राहू द्या, आयकू येते मले."

मी वाचलं.
तेंदूचे पुडे, सत्तर-सत्तर पानांचे,
मुन्शीनं कमी म्हणून बाजूला फेकलेले.
पावसाळ्याआधीच्या एका रात्री घरातून निघून जाणं.
पहिली बंदूक, तिच्याहून वीतभर बुटकी.
या ओळीवर मी स्वतःच खूश होते.
ती काठ दुमडत राहिली.

मग ते पान.
नाल्याचं वळण, सकाळ, चार पोलीस.
आणि शेवटी माझं वाक्य:
त्या रात्री तिच्या घशाखाली एक शीतही उतरलं नाही.

मशीन थांबलं.

"जेवलो ना मी.
डुकराचं मटण होतं. भात दुसऱ्यांदा घेतला.
त्याच मुन्शीच्या घरी.
मले पाहून खाट सोडली त्यानं,
बायकोनं हात धुवाले पाणी देल्लं.
एका पोट्ट्याची घडी काढून आणली होती,
थे हातात घालून जेवलो.
बरं वाटलं.
थे काऊन नाही लिव्हलं?"

मी म्हणाले, वाचणाऱ्याला...
आणि पुढचा शब्द सापडला नाही.

टेपमध्ये सगळं होतं. मी तीनदा ऐकलं होतं,
तिसऱ्यांदा खिडकी लावून घेऊन.
"जेवलो"चं "जेवले" तर त्याआधीच केलं होतं,
शुद्धलेखन म्हणून.

"रडलो थेही लिव्हा," ती म्हणाली, "पण थे नंतर.
लय नंतर.
सरेंडरच्या दिवशी बंदूक लिव्हून घेतली, गोळ्या मोजल्या.
घडी कोणीच लिव्हली नाही कागदावर.
चालू होती."

सुईत दोरा ओवताना तिनं एक डोळा मिटला.

"तिथं पयले बंदूक नाही शिकवत, बाई.
सावली शिकवतात.
झाडाच्या सावलीतच आपली ठेवाची,
बाहेर पडली का मेलो.
तुमच्या कागदावरची ललिता
एवढी उघड्यावर उभी हाय
अन् तिची सावलीच नाही.
रोज दुपारचे बाराच वाजते का तिथं?"

हसली. दात पांढरे, एक नाही.

हात धुवायला मी मागं गेले.
पुढं सारवलेलं अंगण, तुळस, झेंडू,
मागं सांदवाडी:
राख, खरकटं, फुटकं मडकं, कोंबडीची पिसं,
आणि त्याच घाणीतून छपरावर चढलेला
भोपळ्याचा वेल.
पुढच्या अंगणात एवढा भोपळा
कधी कोणाला धरलेला मी पाहिला नाही.

तिनं वाढलं. भात, अंबाडीची भाजी,
वर टोरीच्या तेलाचा उग्र वास.
मी पाहुणीसारखं चिमूटभर घेतलं.

त्या चौघांतला एक आमच्या आरमोरीचा.
त्याच्या लग्नात मी पंगतीला होते,
बुंदी आग्रहानं वाढली होती त्यानं,
मनगटावर सासऱ्यानं दिलेलं नवं घड्याळ.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिच्याकडं पहिल्यांदा का आले,
तेही नाही.

ती समोर बसून जेवत होती, सावकाश,
बोटं चाटत,
डाव्या हातानं कोंबडीला हाकलत.

"घेता का अजून?"

मला भूक होती.
मी ताट पुढं केलं.